गुन्हा एकाचा, टाच घरावर : ठाणे-नवी मुंबईतील तिऱ्हाइतांनी आपला हक्क कसा मांडावा

आरोपीवरील खटला चालू असताना, आणि काही वेळा तो सुरू होण्याच्याही आधी, त्याच्याशी संबंधित मानल्या गेलेल्या घरावर, बँक खात्यावर, वाहनावर किंवा दागिन्यांवर टाच आणण्याचा अधिकार अनेक कायद्यांनी तपास यंत्रणांना दिला आहे. हा अधिकार आवश्यकच आहे, कारण ठेवीदारांना फसवून जमवलेला किंवा अमली पदार्थांच्या व्यापारातून आलेला पैसा आरोपीच्या हाती राहू दिला, तर फसलेल्या माणसाला परत देण्यासारखे शेवटी काहीच उरत नाही. पण टाच येते तेव्हा त्या मालमत्तेत ज्यांचा गुन्ह्याशी काडीचाही संबंध नाही अशी माणसेही गुंतलेली असतात : जिच्या पगारातून घराचे हप्ते गेले ती पत्नी, वडिलोपार्जित घरात हिस्सा असलेला भाऊ, पूर्ण किंमत मोजून सदनिका विकत घेतलेला खरेदीदार, अनामत भरून राहणारा भाडेकरू, चालकाच्या भरवशावर टेम्पो धाडणारा वाहनमालक. कायद्याच्या दृष्टीने हे सर्व तिऱ्हाईत आहेत, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे.

तिऱ्हाइताचा हक्क आरोपीच्या बचावाचा भाग नसतो. तो वेगळा हक्क आहे आणि तो वेगळाच मांडावा लागतो : स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कागदांच्या आधारे आणि ठरलेल्या मुदतीत. ‘मुख्य केस सुटली की घरही सुटेल’ या आशेवर अनेक कुटुंबे थांबून राहतात आणि तोवर हरकत घेण्याची मुदत निघून जाते. असे नुकसान टाळता येण्यासारखे असते, म्हणून पहिल्या दिवसापासून काय करायचे ते इथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : टाच कोणत्या कायद्याखाली आली ते पाहणे

हातात आलेल्या आदेशावर किंवा दारावर चिकटवलेल्या नोटिशीवर कायद्याचे नाव आणि कलम लिहिलेले असते. आधी तेच वाचावे, कारण हरकत कोणाकडे घ्यायची, किती दिवसांत घ्यायची आणि काय सिद्ध करायचे हे सारे त्यावर अवलंबून असते. ठाणे आणि नवी मुंबईत सर्वसाधारणपणे पाच प्रकारचे आदेश दिसतात.

पहिला प्रकार म्हणजे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२. अंमलबजावणी संचालनालय, म्हणजे ईडी, कलम ५ खाली मालमत्तेवर तात्पुरती टाच आणते आणि ती जास्तीत जास्त १८० दिवस टिकते. टाच आणल्यापासून ३० दिवसांत ईडीला दिल्लीतील न्यायनिर्णय प्राधिकरणाकडे तक्रार दाखल करावी लागते. ते प्राधिकरण कलम ८ खाली किमान ३० दिवसांची मुदत देऊन कारणे दाखवा नोटीस काढते आणि सर्वांचे म्हणणे ऐकून टाच कायम करायची की उठवायची ते ठरवते.

दुसरा प्रकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ चा. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि हे कलम तिच्यात नव्याने आले आहे. मालमत्ता गुन्ह्यातून मिळालेली आहे असे तपास अधिकाऱ्याला सकारण वाटले, तर पोलीस अधीक्षकांच्या किंवा पोलीस आयुक्तांच्या मंजुरीने तो न्यायालयाकडे टाच आणण्यासाठी अर्ज करतो, आणि न्यायालय १४ दिवसांत उत्तर देण्याची नोटीस काढते. मालमत्ता दुसरी कोणी व्यक्ती आरोपीच्या वतीने धारण करते असे नोटिशीत म्हटले असेल, तर त्या व्यक्तीलाही नोटिशीची प्रत द्यावी लागते. चौदा दिवस फार थोडे असतात. नोटीस मिळाली त्याच दिवशी वकील गाठावा. मुदतीत हजर झाला नाहीत, तर न्यायालय एकतर्फी आदेश करू शकते.

तिसरा प्रकार फरारी आरोपीचा. न्यायालयाने उद्घोषणा करूनही आरोपी हजर होत नसेल, तर याच संहितेच्या कलम ८५ खाली त्याच्या मालमत्तेवर टाच येते. अशा वेळी कलम ८७ प्रमाणे आरोपीखेरीज कोणीही हितसंबंधी व्यक्ती टाच आल्यापासून सहा महिन्यांच्या आत हरकत घेऊ शकते, आणि हरकत फेटाळली गेली तर त्या आदेशापासून एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावून आपला हक्क प्रस्थापित करू शकते.

चौथा प्रकार महाराष्ट्राचा स्वतःचा, १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण कायदा, ज्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात. भिशी, दामदुप्पट योजना आणि बुडालेल्या पतसंस्था यांच्या प्रकरणांत तो लागतो. सरकारने नेमलेला सक्षम प्राधिकारी जप्तीचा विषय पदनिर्देशित, म्हणजे या कायद्यासाठी खास नेमलेल्या, न्यायालयापुढे नेतो. इथे तिऱ्हाइतासाठी मोठा दिलासा आहे : मालमत्तेत हितसंबंध सांगणाऱ्या व्यक्तीला नोटीस मिळालेली नसली, तरी कलम ७ खालील अंतिम आदेश होण्यापूर्वी ती केव्हाही हरकत दाखल करू शकते. मात्र याच कायद्यात दुर्हेतूने मालमत्ता आपल्या नावावर करून घेणाऱ्यांच्या मालमत्तेवरही टाच आणण्याची तरतूद असल्यामुळे, आपण ती रास्त किंमत देऊन घेतली हे दाखवणे इथे कळीचे ठरते.

पाचवा प्रकार अमली पदार्थांच्या कायद्याचा, १९८५ चा. त्याच्या प्रकरण ‘पाच-अ’ खाली बेकायदा मिळवलेली मालमत्ता सरकारजमा करण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याने कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. पुरेसा मोबदला देऊन सद्भावनेने मालमत्ता घेतलेल्या व्यक्तीला या प्रकरणातून वगळण्याची सोय कायद्यातच आहे. वाहनाचा विषय वेगळा असल्यामुळे तो पुढे घेतला आहे.

पोलीस ठाण्यातून थेट येऊन सदनिकेला सील लावले गेले असेल, तर कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या न्यायालयाच्या आदेशाने, हे लेखी विचारावे. पोलिसांचा जप्तीचा सर्वसाधारण अधिकार, जो आज संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे, स्थावर मालमत्तेला लागू होत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ च्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या ‘नेवाडा प्रॉपर्टीज’ प्रकरणात २०१९ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. बँक खाते मात्र त्या अधिकारात येते. ‘तापस नियोगी’ प्रकरणात १९९९ मध्येच तसा निर्णय झाला आहे.

दुसरी पायरी : आदेश नेमके काय थांबवतो हे समजून घेणे

टाच आली म्हणजे घर गेले, असा समज करून घाबरून घर सोडणारी माणसे असतात. टाच येणे आणि मालमत्ता सरकारजमा होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. टाचेमुळे मालमत्ता विकता, गहाण ठेवता किंवा बक्षीस देता येत नाही. ती अंतिमतः सरकारची होण्याचा प्रश्न सहसा खटल्याच्या शेवटी येतो. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ५ मधील पोटकलम ४ स्पष्ट सांगते की तात्पुरती टाच असली, तरी त्या स्थावर मालमत्तेत हितसंबंध असलेल्या व्यक्तीच्या उपभोगाला बाधा येत नाही. म्हणजे ऐरोलीच्या सदनिकेवर तात्पुरती टाच आली, तरी तिथे राहणाऱ्या कुटुंबाने राहत राहावे, मुलांची शाळा बदलू नये आणि कुलूप लावून गावी निघून जाऊ नये. ताबा सोडून गेल्यास तो पुन्हा मिळवणे कठीण होते.

राहत असताना सोसायटीचे देखभाल शुल्क, महापालिकेचा मालमत्ता कर आणि महावितरणचे बिल भरत राहावे, आणि शक्यतो आपल्याच खात्यातून भरावे. गृहकर्ज असेल तर हप्ते थांबवू नयेत. टाच असली तरी बँकेचे कर्ज थकले की बँकेची वसुली हे दुसरे संकट येते, आणि कुटुंबाला दोन आघाड्यांवर लढावे लागते.

या काळात काही गोष्टी मुळीच करू नयेत. घाईने हिस्सा दुसऱ्याच्या नावावर करणे, जुन्या तारखेचा करार तयार करणे, घरातले सोने नातेवाइकांकडे हलवणे, खात्यातली रक्कम रोख काढून ठेवणे : यांपैकी एकही गोष्ट केली, तर निर्दोष तिऱ्हाईत स्वतः आरोपी होण्याचा धोका निर्माण होतो. मागील तारखेचा स्टँप पेपर आणून देणारे आणि ‘वरती बोलून सोडवतो’ म्हणणारे मध्यस्थ अशा वेळी आपणहून भेटायला येतात. त्यांना घरात घेऊ नये.

तिसरी पायरी : तारखा लिहिणे आणि वेगळा वकील नेमणे

आदेश कोणत्या तारखेचा, आपल्या हाती कोणत्या तारखेला आला, उत्तराची शेवटची तारीख कोणती, सुनावणी कुठे आणि केव्हा, हे एका वहीत लिहावे. नोटीस टपालाने आली असेल तर लिफाफाही जपावा, कारण मुदत मोजताना त्यावरचा शिक्का उपयोगी पडतो. नोटीस आपल्याला मिळालीच नसेल आणि सोसायटीच्या सेक्रेटरीकडून किंवा बँकेतूनच बातमी कळली असेल, तरीही वाट पाहू नये. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ८ प्रमाणे संयुक्त मालकीच्या मालमत्तेची नोटीस प्रत्येक सहमालकाला द्यावी लागते, आणि ज्याला नोटीस दिलेली नाही अशा व्यक्तीने मालमत्तेवर दावा सांगितला, तर तिलाही आपली बाजू सिद्ध करण्याची संधी द्यावीच लागते. संधी मागणारा अर्ज मात्र आपल्यालाच करावा लागतो.

वकील आरोपीचा नसावा, हे आग्रहाने सांगतो. नवऱ्याच्या वकिलाला नवऱ्याची सुटका महत्त्वाची असते आणि त्यात गैर काही नाही. पण ‘हे घर माझ्या पैशाचे, त्याच्या पैशाचे नाही’ हे पत्नीचे म्हणणे काही वेळा नवऱ्याच्या बचावाला छेद देऊ शकते. एकच वकील दोन्ही बाजू मोकळेपणाने मांडू शकत नाही. वकिलाची फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे सर्व स्त्रिया आणि मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी ठाणे जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द ठाणे आणि रायगड अशा दोन जिल्ह्यांत पसरलेली आहे, त्यामुळे वाशी-बेलापूरचे प्रकरण ठाणे जिल्ह्याकडे आणि पनवेल-उरणचे रायगडकडे जाते. चुकीच्या ठिकाणी अर्ज केल्यास दिवस वाया जातात.

चौथी पायरी : कागद जमवणे

सगळे प्रकरण इथे उभे राहते किंवा कोसळते. प्राधिकरणापुढे दोनच प्रश्न असतात : मालमत्ता कोणाच्या पैशाने आली, आणि तो पैसा कुठून आला. म्हणून मालकीचे कागद आणि पैशाचे कागद असे दोन गट्ठे वेगळे करावेत. बहुतेक लोक पहिला गट्ठा घेऊन येतात आणि दुसरा विसरतात, आणि खरी अडचण दुसऱ्यातच असते.

मालकीच्या गट्ठ्यात नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोनची (‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदणी कार्यालयातील दस्ताच्या नोंदीची) प्रत, मुद्रांक शुल्काची पावती, सोसायटीचा भागदाखला, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा यांचा समावेश होतो. नवी मुंबईत एक जादा गोष्ट असते. तिथली बहुतेक जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची आहे, त्यामुळे सिडकोचे हस्तांतरणाचे ना-हरकत पत्र आणि हस्तांतरण शुल्काची पावती जोडावी. नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा नोटरी केलेल्या कागदावर घेतलेल्या घरांचा दावा फार कमकुवत ठरतो. अशांनी निदान किमतीची पूर्ण रक्कम बँकेतून गेल्याचा पुरावा आणि ताब्याचा सलग पुरावा तरी उभा करावा. गावठाणातील मूळ घरांना पुष्कळदा मालमत्ता पत्रकच नसते. तिथे ग्रामपंचायतीच्या काळातील घरपट्टीच्या पावत्या, जुने वीजबिल, वारसांची नोंद, आणि साडेबारा टक्के योजनेतील (संपादित जमिनीच्या बदल्यात मूळ जमीनधारकांना मिळालेला) भूखंड असेल तर सिडकोचे वाटपपत्र, हे कागद घर आरोपीच्या कथित गुन्ह्याच्या कितीतरी आधीचे असल्याचे दाखवतात. गुन्ह्याच्या काळापूर्वीची मालकी हा भक्कम मुद्दा आहे; मात्र मनी लाँडरिंग कायद्याच्या व्याख्येत ‘गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेच्या किमतीइतकी’ दुसरी मालमत्ताही येते, त्यामुळे आरोपीचा स्वतःचा हिस्सा एवढ्यावरून सुटेलच असे नाही. सुटायला हवा तो तुमचा हिस्सा, आणि तो किती ते कागदावरून मोजता आले पाहिजे.

पैशाच्या गट्ठ्यात पगारपत्रके, फॉर्म सोळा, आयकर विवरणपत्रे, गृहकर्जाचा मंजुरीपत्र व हप्त्यांचा उतारा, भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेचा कागद, जुने घर किंवा गावची जमीन विकली असल्यास त्या विक्रीचा करार, आणि ज्या तारखेला बिल्डरला किंवा विक्रेत्याला पैसे दिले त्या तारखेचा बँक उतारा येतो. बँकांनी जुने उतारे द्यायला वेळ लावला, तर मागणीचा अर्ज आणि त्याची पोच दाव्याला जोडून मुदत मागावी. मुदत संपेपर्यंत बँकेच्या दारात बसून राहू नये. रोख दिलेल्या रकमेचे स्पष्टीकरण आधीच देऊन टाकावे, कारण लपवलेली रोख रक्कम उलटतपासणीत बाहेर आली की खऱ्या रकमेवरचाही विश्वास उडतो.

दागिन्यांविषयी एक गैरसमज इथे दूर करायला हवा. विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅम सोने जप्त करू नये, ही सूचना १९९४ साली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने आयकर खात्याच्या झडतीसाठी काढलेली आहे. इतर कायद्यांखालील यंत्रणांवर ती बंधनकारक नाही. म्हणून स्त्रीधनाची यादी, लग्नातील छायाचित्रे, सराफाची बिले आणि लॉकर कोणाच्या नावे आहे याचा कागद, हे स्वतंत्रपणे द्यावे.

पाचवी पायरी : दावा लिहिणे

दाव्यासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि त्यात मी कोण, आरोपीशी माझे नाते किंवा व्यवहार काय, मालमत्तेत माझा हिस्सा किती, तो कोणत्या पैशातून आला, आणि कथित गुन्ह्याची मला माहिती नव्हती हे कशावरून, एवढ्या गोष्टी सरळ क्रमाने याव्यात. ईडीने आधी कलम ५० खाली जबाब घेतला असेल, तर त्यात काय सांगितले ते आठवून प्रतिज्ञापत्र त्याच्याशी ताडून पाहावे. जबाबात ‘नवऱ्याने घेतले’ आणि प्रतिज्ञापत्रात ‘मी घेतले’ असे विसंगत विधान राहिले, तर खरा दावाही खोटा भासतो. जबाबात चुकून काही सांगितले गेले असल्यास ती चूक का झाली हे प्रतिज्ञापत्रातच लिहावे.

पुराव्याचा भार कोणावर, याचा नीट विचार करावा. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम २४ प्रमाणे आरोप ठेवलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मालमत्ता गुन्ह्यातली आहे असे प्राधिकरणाने गृहीत धरलेच पाहिजे, तर इतर व्यक्तीच्या बाबतीत प्राधिकरण तसे गृहीत ‘धरू शकते’. हा फरक तिऱ्हाइताच्या बाजूचा आहे आणि तो दाव्यात मांडायला हवा. नात्याविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ‘अमृतलाल प्रजीवनदास’ प्रकरणात १९९४ मध्ये तस्करांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली जे सांगितले, ते आजही दिशा दाखवते : नातेवाईक आहे एवढ्याने कोणाची मालमत्ता जात नाही, तिचा आरोपीच्या पैशाशी दुवा असावा लागतो, पण दुवा नाही हे दाखवण्याची जबाबदारी धारकावर येऊ शकते.

खरेदीदाराने तीन गोष्टींवर भर द्यावा : बाजारभावाइतकी किंमत, बँकेतून दिलेला पैसा, आणि खरेदीपूर्वी केलेली चौकशी. वकिलाकडून घेतलेला शोध अहवाल, वर्तमानपत्रातील जाहीर सूचना, बँकेने कर्ज देण्याआधी केलेली कागदपत्रांची तपासणी, हे सर्व सद्भावनेचे पुरावे आहेत. बिल्डर आरोपी असलेल्या प्रकल्पात सदनिका नोंदवलेल्यांनी नोंदणीकृत करारनामा, महारेरावरील प्रकल्पाची नोंद आणि प्रत्येक हप्त्याची पावती जोडावी. प्रत्येकाने एकट्याने धावण्यापेक्षा सर्व खरेदीदारांची एकत्र यादी करून, पण प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र दाखवून, दावा केलेला बरा.

भाडेकरूने नोंदणीकृत भाडेकरार आणि अनामत रकमेचा पुरावा द्यावा, आणि यापुढे भाडे कोणाकडे भरायचे हे यंत्रणेला लेखी विचारून घ्यावे. तोंडी सांगण्यावरून भाडे आरोपीच्या नातेवाइकाला देत राहिल्यास पुढे तेच पैसे दुसऱ्यांदा भरण्याची वेळ येऊ शकते.

सहावी पायरी : हाल कमी करणारे आदेश मागणे

केवळ हाल होतात म्हणून टाच उठत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. पण हाल होतात म्हणून टाचेच्या अटी सौम्य करून घेता येतात, आणि पूर्ण सुटकेच्या हट्टात ही मधली मागणी करायचेच राहून जाते. मुख्य दाव्याबरोबर अंतरिम अर्ज द्यावा.

पगार जमा होणारे खाते गोठवले असेल, तर टाचेच्या तारखेनंतर येणारा पगार मोकळा ठेवावा आणि आधीच्या रकमेपैकी फक्त वादग्रस्त रक्कम रोखून धरावी, अशी मागणी करावी. दुकानदाराच्या खात्यात फसवणुकीतील एखादी रक्कम क्यूआर कोडवरून आली आणि सगळे खाते बंद झाले, अशी प्रकरणे आता वारंवार येतात. तिथे त्या विक्रीचे बिल, मालाची नोंद आणि ती नेमकी रक्कम दाखवून उरलेले खाते सुरू करण्यासाठी तपास अधिकाऱ्याकडे आणि नंतर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आजारी आईवडिलांचे उपचार, मुलांचे शुल्क, दिव्यांग मुलाचा खर्च यांचे कागद जोडून ठरावीक मासिक रक्कम काढण्याची परवानगी मागावी. रकमेचा आकडा स्पष्ट लिहावा; ‘न्यायालयाला योग्य वाटेल ती रक्कम’ असे मोघम लिहिलेला अर्ज बाजूला पडतो.

वाहनाच्या बाबतीत वेळ सर्वांत मौल्यवान असतो. पोलीस ठाण्याच्या आवारात दोन पावसाळे उभा राहिलेला टेम्पो परत मिळाला तरी कामाचा राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘सुंदरभाई देसाई’ प्रकरणात २००२ मध्ये अशी वाहने दीर्घकाळ ठाण्यात ठेवू नयेत, छायाचित्रे आणि पंचनामा करून योग्य बंधपत्रावर मालकाला द्यावीत, असे सांगितले. आज त्यासाठी संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करतात आणि वाहन सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यास पुन्हा हजर करण्याच्या हमीवर, मिळते. अमली पदार्थ सापडलेल्या वाहनालाही अशी अंतरिम सुटका निषिद्ध नाही, हे ‘विश्वजित डे’ प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झाले आहे. पण त्या कायद्याच्या कलम ६० खालील अंतिम जप्ती टाळायची, तर मालक, त्याचा प्रतिनिधी आणि वाहन ताब्यात असलेली व्यक्ती या तिघांपैकी कोणालाही माहिती नव्हती आणि प्रत्येकाने रास्त खबरदारी घेतली होती, हे मालकाला सिद्ध करावे लागते. वाशीच्या बाजार समितीत किंवा कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर गाड्या लावणाऱ्या मालकांनी म्हणूनच चालकाच्या परवान्याची पडताळणी, प्रत्येक फेरीची बिल्टी, ई-वे बिल आणि जीपीएसची नोंद नियमाने जपावी. त्याच कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जप्तीपासून एक महिना उलटल्याशिवाय आणि हक्क सांगणाऱ्याचे ऐकल्याशिवाय मालमत्ता सरकारजमा करता येत नाही.

सातवी पायरी : टाच कायम झाल्यावर

न्यायनिर्णय प्राधिकरणाने टाच कायम केली, तर आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे आणि त्याच्या निर्णयावर ६० दिवसांत उच्च न्यायालयाकडे अपील करता येते. टाच कायम झाल्यानंतर ईडी घराचा ताबा घेण्याची नोटीस देऊ शकते, आणि राहत्या कुटुंबाला सर्वांत मोठा धक्का इथेच बसतो. अशी नोटीस आली की अपिलासोबत स्थगितीचा अर्ज तातडीने द्यावा आणि ‘विजय मदनलाल चौधरी’ प्रकरणातील २७ जुलै २०२२ च्या निर्णयाकडे लक्ष वेधावे : मालमत्ता सरकारजमा करण्याचा औपचारिक आदेश होण्यापूर्वी कलम ८(४) खाली ताबा घेणे हा अपवाद असावा, नियम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. घरात कोण राहते, वृद्ध किती, मुले किती, दुसरा निवारा आहे का, आणि मालमत्ता विकून टाकण्याची शक्यता का नाही, हे या अर्जात तपशिलाने यावे. हे कुटुंब मालमत्तेची विल्हेवाट लावणार नाही असे हमीपत्रही सोबत द्यावे.

खटल्यात मनी लाँडरिंग सिद्ध झाले नाही, तर विशेष न्यायालयाने मालमत्ता मुक्त करण्याचा आदेश द्यायचा असतो. सिद्ध झाले तरी वाट पूर्ण बंद होत नाही. कलम ८(८) प्रमाणे कायदेशीर हितसंबंध असलेल्या आणि मोजता येण्याजोगे नुकसान झालेल्या दावेदाराला, तो सद्भावनेने वागला होता, त्याने रास्त खबरदारी घेतली होती आणि गुन्ह्यात त्याचा हात नव्हता, तर मालमत्ता परत देता येते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाही विशेष न्यायालय याचा विचार करू शकते. गुंतवणूकदार, कर्ज देणाऱ्या बँका आणि सदनिका खरेदीदार या तिघांनाही ही वाट खुली आहे. संहितेच्या कलम १०७ मध्ये क्रम थोडा वेगळा आहे : मालमत्ता गुन्ह्यातली ठरली की जिल्हाधिकारी ६० दिवसांत ती गुन्ह्याची झळ पोहोचलेल्यांना प्रमाणशीर वाटतो, आणि कोणी दावेदार नसेल किंवा वाटून काही उरले तरच ते सरकारजमा होते. तिथे तिऱ्हाइताने आपला हिस्सा वाटपाच्या आधी वेगळा करून घ्यावा लागतो, कारण वाटलेले पैसे परत गोळा होणे जवळजवळ अशक्य असते.

आठवी पायरी : सुटल्यानंतरच्या नोंदी

टाच उठवण्याचा आदेश झाला म्हणजे काम संपले असे नाही. टाच आली तेव्हा यंत्रणेने दुय्यम निबंधक, सोसायटी, बँक आणि नवी मुंबईत सिडको यांना पत्रे पाठवलेली असतात, आणि त्या पत्रांच्या नोंदी आपोआप पुसल्या जात नाहीत. आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी नक्कल अर्ज द्यावा, दोन-तीन जादा प्रती घ्याव्यात, आणि प्रत्येक कार्यालयात प्रत जोडून नोंद काढण्याचा अर्ज देऊन पोच घ्यावी. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर ‘इतर हक्कां’त टाचेची नोंद असेल, तर ती कमी करण्यासाठी तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात वेगळा अर्ज लागतो. बँकेने खाते सुरू केले तरी नेट बँकिंग, स्थायी सूचना आणि लॉकर यांवरील बंधने वेगळी काढावी लागतात, त्यांची यादी शाखेकडून लेखी घ्यावी. सोसायटीकडून भागदाखल्यावर कोणताही शेरा राहिलेला नसल्याचे पत्र घेऊन ते करारनाम्याच्या फाइलला लावावे.